घशाच्या कॅन्सरची रोबोटिक सर्जरी झाल्यावर गिळणं कधी पूर्ववत होतं?

बाबांची ही सर्जरी पुण्यातच झाली, गाठ जिभेच्या मुळाशी होती. यंत्राचे हात तोंडातूनच आत जातात, त्यामुळे लोकांना वाटतं चार दिवसांत सगळं सुरळीत. तसं नसतं हो. गिळताना दोन-तीन आठवडे चांगलंच दुखतं, कळ कानापर्यंत जाते. बाबांना साध्या पाण्याने ठसका लागायचा, पण नाचणीची दाट पेज चमच्याचमच्याने उतरायची. अन्नासाठी घातलेली नाकातली नळी निघाली तेव्हा आईने मऊ भात केला. एक वाटी संपायला पाऊण तास लागला. गिळण्याचे व्यायाम थेरपिस्टकडून शिकून रोज करून घ्या. आणि पहिले दोन आठवडे तोंडातून ताजं रक्त आलं, थोडं जरी, तरी सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. पुढे रेडिएशन लागेल की नाही, ते काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवर ठरतं.