पहिला 'मॅट्रिक्स' खूप आवडला. 'मॅट्रिक्स रीलोडेड' बघावा का? त्यात नक्की चांगलं काय आणि फसलंय काय?

तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतात, 'नुसती बडबड आणि व्हिडिओ गेममधली मारामारी, बघू नकोस'. आणि रहस्य फुटलं तरी चालेल असंही लिहिलंय, त्यामुळे मी हात राखून लिहीत नाही. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

तुमचे मित्र खोटं बोलत नाहीयेत. बडबड आहे, आणि गेमसारखी मारामारीही आहे. २००३ मध्ये थिएटरातून बाहेर पडताना मी स्वतः वैतागलेलो होतो. त्यानंतर हा सिनेमा मी सहा-सात वेळा तरी पाहिलाय. पहिला भाग मी जास्त आनंदाने बघतो, पण डोक्यात घोळत राहतो तो दुसरा.

मुळात दुसऱ्या भागाची कोंडी पहिल्यानेच करून ठेवली होती. मॅट्रिक्स म्हणजे यंत्रांनी माणसांना गुंगवून ठेवायला बनवलेलं खोटं जग, आणि एजंट म्हणजे त्याचे रखवालदार प्रोग्राम. १९९९ च्या सिनेमाच्या शेवटी नायक निओ मरून उठतो, गोळ्या हवेत थांबवतो, एजंट स्मिथच्या अंगात शिरून त्याच्या चिंधड्या करतो आणि शेवटच्या दृश्यात चक्क उडून जातो. गोष्ट संपली. आता ज्याला कोणी हरवूच शकत नाही अशा माणसाची पुढची गोष्ट सांगायची कशी? वाचोव्स्की भगिनींनी याची दोन उत्तरं काढली. एक, शत्रूंची संख्या वाढवायची. दुसरं, निओची ही ताकद मुळात कोणाच्या सोयीची आहे असा प्रश्न विचारायचा. पहिलं उत्तर फसलंय. दुसऱ्यासाठी मी हा सिनेमा अजून बघतो.

फसलेलं आधी घेऊ. स्मिथ आता स्वतःच्या प्रती काढू शकतो, आणि एका मोकळ्या आवारात निओ सुमारे शंभर स्मिथांशी लढतो. सुरुवात झकास आहे. हाणामारी युएन वो-पिंग यांनी बसवलेली, खरी माणसं, खरे फटके, आणि स्मिथ झालेल्या ह्यूगो विव्हिंगचा तो थंड, ओठ आवळून बोलण्याचा थाट. मग मध्येच कुठेतरी खरी माणसं जातात आणि संगणकाने बनवलेली येतात. व्हिज्युअल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या जॉन गेटा यांच्या चमूने त्यासाठी कलाकारांचे चेहरे अनेक कॅमेऱ्यांनी टिपण्याचं नवं तंत्र वापरलं होतं. त्या काळाच्या मानाने ती मोठी उडी होती, पण आज बघताना निओ रबरी बाहुल्यासारखा दिसतो. अंगाला वजन नाही, कपड्यांना घड्या नाहीत.

तरी माझी खरी तक्रार तंत्राबद्दल नाही. इतकं सगळं झाल्यावर निओ करतो काय, तर उडून निघून जातो! अरे, मग आधीच का नाही गेलास? त्या मारामारीत त्याच्या जिवाला धोका आहे असं एकदाही वाटत नाही, आणि ती नसती तर पुढच्या गोष्टीत जवळजवळ काहीच बदललं नसतं.

याच्या उलट हायवेवरचा पाठलाग. सुमारे चौदा मिनिटांचा हा प्रसंग मला आजही जागचा हलू देत नाही. कॅलिफोर्नियात अलामेडा इथल्या बंद पडलेल्या नौदलाच्या तळावर त्यासाठी जवळपास अडीच किलोमीटरचा हायवे खास बांधला होता, आणि तो खरेपणा जाणवतो. गाड्या आपटतात तेव्हा पत्रा चेपल्यासारखा चेपतो. पण त्याच्या यशाचं श्रेय मी बांधकामाला देणार नाही. त्या प्रसंगात निओ नाहीच, तो दूर कुठेतरी अडकलाय. रस्त्यावर आहेत त्याचे साथीदार मॉर्फियस आणि ट्रिनिटी, आणि त्यांनी सोडवून आणलेला कीमेकर, म्हणजे प्रत्येक दाराची किल्ली बनवणारा म्हातारा. ही माणसं मरू शकतात. शिवाय आजूबाजूच्या कुठल्याही गाडीचा कुठलाही ड्रायव्हर कधीही एजंट होऊ शकतो, हा पहिल्या भागातलाच नियम इथे असा वापरलाय की सगळा रस्ताच शत्रू होऊन बसतो. ट्रिनिटी कीमेकरला मागे बसवून समोरून येणाऱ्या गाड्यांमधून मोटरसायकल हाणते ते बघाच. मॉर्फियस ट्रकच्या टपावर एजंटशी लढतो तेव्हा तो जिंकणार नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि म्हणूनच आपण बघतो. मग अगदी शेवटच्या क्षणी निओ उडत येऊन मॉर्फियस आणि कीमेकरला उचलून नेतो. प्रसंग तिथेच संपतो. संपणारच, कारण तो आला की भीती गेली.

आता बडबडीकडे. इथे मी सिनेमाची बाजू घेणार आहे, पण अर्धीच.

कथानक खरं तर 'अमक्याला भेट, तो तमक्याकडे पाठवेल' अशा जातीचं आहे. भविष्य सांगणारी ओरॅकल सांगते मेरोव्हिंजियन नावाच्या जुन्या, बलाढ्य प्रोग्रामकडे जा, त्याच्याकडून कीमेकर सोडवा, कीमेकर दार उघडेल, दारापलीकडे आर्किटेक्ट, म्हणजे मॅट्रिक्स रचणारा. प्रत्येक जण भेटला की आधी प्रवचन देतो. पण नीट ऐकलं तर ही सगळी प्रवचनं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: निवड. ओरॅकल म्हणते, निवड तू केव्हाच केलीयस, आता ती का केलीस एवढंच समजून घ्यायचंय. मेरोव्हिंजियन म्हणतो, निवड वगैरे झूट, फक्त कार्यकारणभाव खरा. आणि आर्किटेक्ट म्हणतो, निवड हीच तर आमची युक्ती.

आर्किटेक्टचा प्रसंग अनेकांच्या डोक्यावरून गेला, माझ्याही गेला होता. त्याचा गाभा सोप्या भाषेत सांगतो. मॅट्रिक्सची पहिली आवृत्ती निर्दोष, सुखाची होती. माणसांनी ती स्वीकारलीच नाही. दुसरी माणसाच्या इतिहासासारखी दुःखांनी भरलेली, तीही कोसळली. मग एका प्रोग्रामला, म्हणजे ओरॅकलला, उपाय सापडला: माणसाला अगदी नकळत का होईना, निवडीची संधी द्या, म्हणजे ९९ टक्के लोक खोटं जगही स्वीकारतात. उरलेला एक टक्का नाकारतो. त्यांना बाहेर पडू द्यायचं, जमिनीखाली झायन हे माणसांचं शहर वसवू द्यायचं, आणि संख्या फार वाढली की झायन नष्ट करायचं. मग तो 'एकमेव' तारणहार मुळाशी येणार, व्यवस्था पुन्हा सुरू करून देणार, आणि २३ माणसं निवडून नवं झायन वसवणार. हे आधी पाच वेळा झालंय. निओ सहावा.

म्हणजे पहिल्या सिनेमात तारणहार येऊन माणसांना सोडवेल या ज्या भाकितावर आपण मॉर्फियसच्या बरोबरीने विश्वास ठेवला, ते भाकीत व्यवस्थेनेच पेरलेलं होतं. बंड हा त्या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह. स्वतःच्याच इतक्या गाजलेल्या पहिल्या भागाच्या पायाखालची जमीन काढून घेणारे दुसरे भाग किती निघतात सांगा? बहुतेक वेळा तोच माल मोठ्या पाकिटात येतो. इथे लोकांना जे हवं होतं, आणखी गोळ्या, आणखी काळे कोट, ते दिलं आणि वर सांगितलं की तुम्ही ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्यात तो सापळा होता. हे धाडस मला आजही थक्क करतं.

बाजू अर्धीच घेईन म्हणालो, कारण हे सगळं एक पांढऱ्या दाढीचा माणूस खुर्चीत बसून, शब्दकोश गिळल्यासारख्या भाषेत, काही मिनिटांत सांगून टाकतो. पहिल्या भागातही मॉर्फियसने बरंच समजावलं होतं, पण तिथे ते ऐकता ऐकता दिसत होतं. निओ त्या शेंदरी द्रवातून जागा होतो, आणि मग कोणी काही सांगायची गरजच उरत नाही. इथे भिंतभर टीव्हींवर निओचेच चेहरे वेगवेगळ्या प्रतिक्रिया देतात आणि कॅमेरा त्यातल्या एका पडद्यात शिरून पुढचा निओ दाखवतो, ही कल्पना सुरेख आहे. बाकी सगळं कानांवर टाकलंय.

आणि इथेच सिनेमाचं गाडं खरं अडतं. आर्किटेक्ट निओपुढे दोन दारं ठेवतो. उजव्या दारामागे झायनचा, म्हणजे माणसांचा बचाव. डावं दार परत मॅट्रिक्समध्ये, मरायला टेकलेल्या ट्रिनिटीकडे. आधीच्या पाच जणांना माणसांबद्दल एकंदर माया होती, निओचं मात्र एका व्यक्तीवर प्रेम आहे, हाच काय तो फरक. निओ डावं दार निवडतो. ऐकायला जबरदस्त! पण हा निर्णय ज्या प्रेमावर उभा आहे ते प्रेम पडद्यावर फिकं आहे. दोघं एकमेकांकडे गंभीरपणे बघतात, कमी बोलतात, हसत तर नाहीतच. ट्रिनिटीच्या मृत्यूचं स्वप्न सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगात येतं, म्हणजे घड्याळ सुरुवातीपासून टिकटिकतंय, हे चांगलंच केलंय. पण ती खरंच मरते तेव्हा निओ तिच्या छातीत हात घालून गोळी काढतो, हृदय चालू करतो, झालं. पहिल्या भागात तिने त्याला उठवलं, आता त्याने तिला. फिटंफाट. ज्या किमतीसाठी सगळी मानवजात पणाला लावली, ती किंमत द्यावी लागलीच नाही. मला वाटतं सिनेमाची सर्वात मोठी चूक ही आहे. शंभर स्मिथांची मारामारी मी एक वेळ माफ करीन.

झायनबद्दल फार लिहीत नाही. मंडळाच्या बैठका, सेनापतीची कुरबुर, गुहेतला तो लांबलेला नाच: नमनाला घडाभर तेल. त्यातला एकच प्रसंग सोडू नका. म्हातारा काउन्सिलर हॅमन निओला रात्री यंत्रांच्या मजल्यावर नेतो. ही यंत्रं आपल्याला हवा-पाणी देतात, ती यंत्रं आपल्याला मारायला येतायत, मग ताबा म्हणजे नेमकं काय, एवढाच त्याचा प्रश्न. आवाज न चढवता झालेलं संभाषण, आणि आर्किटेक्टच्या भाषणापेक्षा जास्त काळ मनात राहतं.

छोट्या गोष्टींत मात्र हा सिनेमा श्रीमंत आहे. भुतं, व्हॅम्पायर, माणसाचा लांडगा होण्याच्या गोष्टी या सगळ्या म्हणजे जुने, काढून टाकायला नकार दिलेले प्रोग्राम, हे एका वाक्यात येऊन जातं; त्या एका वाक्यावर दुसऱ्या कोणी अख्खी मालिका काढली असती. संगणकवाल्यांसाठी एक गंमत: ट्रिनिटी वीजपुरवठ्याच्या यंत्रणेत शिरते तेव्हा पडद्यावर 'एनमॅप' हे नेटवर्कमधल्या उघड्या वाटा शोधायचं खरंखुरं साधन दिसतं, आणि ती ज्या फटीतून शिरते ती एसएसएचमधली (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडायच्या पद्धतीतली) २००१ साली उघडकीला आलेली खरी त्रुटी आहे. सिनेमातलं हॅकिंग बघून हसायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला तिथे गप्प बसावं लागलं.

एक तक्रार मात्र राहिलीच. गोष्टीचे तुकडे इकडेतिकडे विखुरले आहेत. 'ओसायरिस' जहाजाचा शेवटचा निरोप, ज्याच्यामुळे झायनवर हल्ला येतोय हे कळतं, तो 'ॲनिमॅट्रिक्स' या ॲनिमेशन लघुपटांच्या संचातल्या एका लघुपटात आहे. निओच्या मागे मागे फिरणारा पोरगा कोण, तेही तिथेच. नायोबी या दुसऱ्या कप्तानाच्या जहाजाची कामगिरी 'एंटर द मॅट्रिक्स' या व्हिडिओ गेममध्ये. कल्पना त्या काळी नवी होती, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला मध्येच पान फाटल्यासारखं वाटतं. तुम्ही निदान ॲनिमॅट्रिक्स आधी बघून घ्या, एरवीही तो बघण्यासारखा आहे.

तिसरा भाग, 'रिव्होल्यूशन्स', दुसऱ्यासोबतच चित्रित झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. रीलोडेडच्या शेवटी निओ खऱ्या जगातही यंत्रं हाताच्या इशाऱ्याने थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. तेव्हा आम्ही काही जणांनी पैजा लावल्या होत्या की झायनसुद्धा मॅट्रिक्सच असणार, एकात दुसरं. तिसऱ्या भागाने तो रस्ता घेतला नाही. मला आमचा रस्ता अजूनही जास्त आवडतो, पण त्याचं खापर रीलोडेडवर फोडण्यात अर्थ नाही.

तेव्हा बघा, सबटायटल लावून बघा, आणि आर्किटेक्ट बोलायला लागला की लाज न बाळगता दोन-तीनदा मागे घ्या. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा निओला सोडा आणि मॉर्फियसवर नजर ठेवा. सुरुवातीला तो गुहेत हजारोंसमोर छाती काढून बोलतो. शेवटी निओ परत येऊन सांगतो की भाकीत खोटं होतं, आणि काही क्षणांत मॉर्फियसचं जहाज त्याच्या डोळ्यांदेखत फुटतं. लॉरेन्स फिशबर्नने तिथे आवाज चढवलेला नाही. तो नुसता उभा राहतो, जळत्या जहाजाकडे बघत.