भाष्यग्रंथ केव्हा उघडावा? पाळकांच्या प्रश्नांना उत्तरे

रविवारच्या उपदेशाच्या तयारीत बायबलचा अर्थ उलगडून सांगणारे भाष्यग्रंथ कसे वापरावेत, याविषयी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार येथे घेतले आहेत.

मी नवापूर तालुक्यात तीन लहान मंडळ्या सांभाळतो. मोबाइलवर मॅथ्यू हेन्री यांचे भाष्य फुकट मिळते. मग पैसे खर्चून दुसरे घ्यावे काय?

हेन्री जरूर वाचावेत. वचन जीवनाला लावून दाखवण्यात त्यांचा हातखंडा आहे. मात्र 1714 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे लेखन नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच झाले होते आणि पुढील पत्रांवरील व प्रकटीकरणावरील भाग इतर पाळकांनी पूर्ण केला, हे लक्षात असावे. शिवाय मृत समुद्राजवळच्या गुहांत 1947 पासून सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांमुळे जुन्या कराराच्या मूळ मजकुराविषयी जे कळले, ते त्यात असणे शक्यच नाही. म्हणून संपूर्ण शास्त्रावरचे एखादे अलीकडचे एकखंडी भाष्य जोडीला घ्यावे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली साउथ एशिया बायबल कॉमेंट्री आपल्याच उपखंडातील लेखकांनी लिहिलेली असल्याने मला अधिक जवळची वाटते. पूर्ण संच घेऊ नये. ज्या पुस्तकावर आपण काही महिने बोलणार आहात, त्यावरचा एकच सविस्तर ग्रंथ घ्यावा आणि शेजारच्या पाळकांशी अदलाबदल करावी.

भाष्य आधी वाचावे की उतारा?

उतारा, आणि तोही मोठ्याने, निदान चार-पाच वेळा. वाचताना जे अडते ते वहीत प्रश्नांच्या रूपात लिहावे आणि मगच भाष्य उघडावे. हा क्रम मी चूक करून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावात मी मार्क 4 मधील, येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोललो, तेव्हा उपासनेनंतर एका वृद्ध शेतकऱ्याने अहिराणीत विचारले, की वाटेवर आणि काट्यांत बी सांडणारा हा कसला शेतकरी? माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी भाष्यातील मुद्दे उतरवून घेतले होते, पण उताऱ्याला स्वतः एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्याचा प्रश्न घेऊन मी तेच भाष्य पुन्हा उघडले, तेव्हा उत्तर त्यातच होते. आपल्याकडे पाभरीने ओळीत पेरतात. त्या देशात मात्र बी मुठीने फेकून पेरत आणि शेतातूनच पायवाटा जात, त्यामुळे थोडे बी वाटेवर पडणारच. खडकाळ जमीन म्हणजे दगडगोटे पसरलेले रान नव्हे, तर खाली सलग खडक आणि वर मातीचा पातळ थर. म्हणूनच पाचव्या वचनात माती खोल नसल्याने रोप लवकर उगवले असे म्हटले आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत पीक कसे लवकर उन्हाला लागते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ऊन चढताच रोप करपले हे पुढचे सहावे वचन समजावून सांगावे लागत नाही.

भाष्य इंग्रजीत आणि मंडळी अहिराणी किंवा मावची बोलणारी. काय करावे?

शनिवारी ग्रंथ मिटून घरातल्या कोणाला तरी तो उतारा त्यांच्या बोलीत सांगून पाहावा. जेथे आपण अडखळाल, तो भाग रविवारी बोलण्याजोगा अजून झालेला नाही, असे समजून पुन्हा वाचावा.

योहान 21 मध्ये येशू पेत्राला “माझ्यावर प्रीती करतोस काय?” असे तीनदा विचारतो. एक भाष्यकार म्हणतात, की मूळ ग्रीकमधील प्रीतीच्या दोन शब्दांतील फरकातच सगळा अर्थ आहे. दुसरे म्हणतात, फरक नाही. कोणाचे मानावे?

भाष्यकाराच्या नावावरून ठरवू नये. त्याने पुरावा कोठून दिला ते पाहावे, आणि शक्य तो पुरावा त्याच पुस्तकातला असावा. पिता पुत्रावर प्रीती करतो हे विधान योहान 3:35 आणि 5:20 अशा दोन ठिकाणी येते. योहान 21 मधल्याच त्या दोन शब्दांपैकी पहिल्या ठिकाणी ‘अगापाओ’ हे क्रियापद आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘फिलेओ’. पित्याची प्रीती दोन अध्यायांत उणी झाली, असे तर कोणी म्हणणार नाही. म्हणून दुसऱ्या भाष्यकाराची बाजू मला बळकट वाटते, जरी पहिले मत उपदेशात ऐकायला फार गोड लागते. शब्दांवरचा हा वाद व्यासपीठावर नेऊ नये. पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते, त्याला तीनदा विचारले गेले आणि तिन्ही वेळा मेंढरांची काळजी त्याच्याच हाती सोपवली गेली. उपदेशाचा वेळ त्यावर द्यावा.