घरात आवाज येतो, बाहेरच्या मित्रांना जोडताच येत नाही: आधी राउटरचं स्टेटस पान बघ

तुझी पोस्ट वाचली आणि २०२१चा उन्हाळा जसाच्या तसा समोर उभा राहिला. जुन्या लॅपटॉपवर मम्बलचा (गेम खेळताना एकमेकांशी बोलायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर टाकलास, घरात भावाच्या फोनवरून तो झटक्यात जोडला गेला, पण पुण्यातल्या आणि जर्मनीतल्या मित्रांना नुसतं 'कनेक्टिंग' दिसत राहतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलंस (म्हणजे बाहेरून येणारी जोडणी लॅपटॉपकडे वळवलीस), दोनदा विंडोज नव्यानं टाकलंस आणि आता तिसऱ्यांदा टाकू का म्हणून विचारतोयस. नको टाकूस. सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस.

सर्व्हर कसा टाकायचा, चॅनेल कसे करायचे यात शिरत नाही, ते तुला जमलेलंच आहे. घरातून जोडला जातोय म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे. अडचण घराच्या उंबऱ्यावर आहे.

राउटरमध्ये लॉगिन कर आणि स्टेटसच्या पानावर 'वॅन आयपी' नावाची ओळ शोध, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला इंटरनेटचा पत्ता. मग त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधून तिथे येणारा आकडा बघ. दोन्ही सारखे असतील तर पुढे बोलू. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला किंवा १०. ने सुरू होणारा असेल, तर तू राउटरमध्ये काहीही केलंस तरी बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, पत्ते जगात मिळून साधारण ४२९ कोटीच. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. मग इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यामागे खूप घरं बसवू लागल्या, आणि या कामासाठी १००.६४ ची रांग २०१२ मध्ये वेगळी काढून ठेवली गेली. अपार्टमेंटला एकच टपालपेटी आणि फ्लॅट नंबर कुठेच लिहिलेला नाही, तसं समज. तू पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर तुझ्याकडे येतं, कारण नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपणहून पाठवलेलं पत्र कोणाचं, हे पेटीला कळत नाही.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर प्रकरण वेगळं असू शकतं. कंपनीनं बसवलेला फायबरचा डबा आणि तुझा स्वतःचा राउटर, असे एकामागे एक दोन राउटर झालेले असतात. मग डब्याला ब्रिज मोडवर टाकायला सांग, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम करणार नाही, किंवा त्याच्यातही पोर्ट फॉरवर्ड कर.

हे मला कळायला चार महिने लागले. आम्ही पाच मित्र, दोघे कराडला, एक ठाण्यात, एक दुबईत, एक श्टुटगार्टला. शनिवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स खेळायचो. इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला मी निदान वीस वेळा फोन केला असेल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि दर वेळी तेच उत्तर: "सर, आमच्याकडून पोर्ट ओपन आहे, तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे." एकदा तर मी लाइनवर बोलत असतानाच तक्रार निकाली निघाल्याचा एसएमएस आला. मला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, मिळालेलाच नाही, हे त्यांच्या स्क्रीनवर दिसत असणार. ते एक वाक्य कुणी बोललं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांच्यापैकी एकानं सांगितलं, "फायरवॉल पूर्ण बंद करा आणि लॅपटॉप डीएमझेडला टाका." मी टाकला. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळं, कुठल्याही पोर्टवरचं, थेट त्या एका मशीनकडे. एका पोर्टसाठी घराच्या सगळ्या भिंती पाडण्यासारखंच ते. तरीही मित्र जोडले गेले नाहीत, कारण वर सीजीनॅट होतंच. पण ती सेटिंगं मी परत फिरवली नाहीत. माझी खरी चूक ही.

पुढे केबल तुटली म्हणून एक पोरगा घरी आला. जेमतेम वीस-बावीसचा, खांद्याला वायरचं वेटोळं. काम झाल्यावर त्याला सहज विचारलं. त्यानं माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला, राउटरचं स्टेटस पान उघडलं, वॅनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दादा, शंभरनं सुरू होतोय ना, हा शेअर्डवाला आहे. बाहेरून कोण येणारच नाही. स्टॅटिक घ्या." दोन मिनिटांत. मी त्याच दिवशी स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतःच्या पत्त्यासाठी, अर्ज भरला, पैसे भरले. एका शुक्रवारी रात्री काही न कळवता आयपी चालू झाला आणि शनिवारी पाचही जण पहिल्यांदा एका चॅनेलवर आले. श्टुटगार्टचा मित्र "ऐकू येतंय का रे" एवढंच चार वेळा म्हणाला.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर सगळ्या फायलींची नावं बदललेली, डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. विंडोज ७ होतं, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला होता. दुसऱ्या खोलीतून वापरता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप चालू ठेवला होता, पासवर्ड चार आकडी. फायरवॉल बंद, डीएमझेड चालू. जोवर सीजीनॅट होतं तोवर निदान त्याचा आडोसा होता. पब्लिक आयपी आला आणि तोही गेला.

त्याच लॅपटॉपवर वडिलांच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचा हिशेब होता. दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून ते रात्री घरी बसून नोंदी करायचे. बॅकअपचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपलाच लावलेला, त्यामुळे तोही गेला. खरिपाचे दिवस, उधारी सगळी त्यातच. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बिलबुकं काढली, कार्बन कॉपीच्या पुसट निळ्या पावत्या एकेक करून चष्म्याजवळ धरून वाचल्या आणि मी टाइप केल्या. अठरा दिवस लागले. काही पावत्या वाचताच आल्या नाहीत, ती उधारी सोडून द्यावी लागली.

म्हणून कळकळीनं सांगतो: डीएमझेड कुणीही सांगितलं तरी टाकू नकोस, आणि टाकला असशील तर हे वाचता वाचता काढ. मम्बलला फक्त ६४७३८ हे एक पोर्ट लागतं, टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही. फायरवॉलमध्ये तेवढीच परवानगी दे. यूडीपी विसरलास तर गंमत अशी होते की सगळे जोडले जातात, पण आवाज टीसीपीतूनच वाहतो आणि नेट जरा हललं की तुटक येतो. मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

तपासणी नेहमी मोबाइल डेटावरून कर, वायफाय बंद करून. घरातूनच स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकून बघितलास तर काही राउटर ते परत आत वळवत नाहीत आणि सगळं बरोबर असूनही चालत नाही असं वाटतं.

सीजीनॅट निघालं तर काय? माझं मत, आणि हे फक्त मतच, मी नेटवर्कचा माणूस नाही, दुकान सांभाळतो: घरी सर्व्हर ठेवूच नकोस. मुंबईत डेटा सेंटर असलेला सगळ्यात लहान व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्यानं घे आणि मित्रांत खर्च वाट. मम्बल इतकं हलकं आहे की एक जीबी रॅम त्याला खूप होते. पैसे घालायचे नसतील तर टेलस्केलसारखं (सगळ्यांची मशीन एका खाजगी जाळ्यात जोडणारं) काहीतरी सगळ्यांनी टाकायचं, ते सीजीनॅटमागूनही चालतं. मात्र तेही लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा पत्ता देतं, तो बघून सीजीनॅट समजू नकोस, राउटरचंच पान बघ. आणि 'आपलाच सर्व्हर' ही हौस नसेल तर डिस्कॉर्डवर या सगळ्या भानगडीच नाहीत. मला मम्बल आवडतं कारण आवाज कमी उशिरानं पोहोचतो आणि जुन्या मशीनवर गेमला जागा उरते.

विंडोज दोनदा नव्यानं टाकलंस, तर आणखी एक गोष्ट तुला लवकरच भेटेल. मम्बल तुला पासवर्डनं नाही, सर्टिफिकेटनं, म्हणजे तुझ्या मशीनवर ठेवलेल्या ओळखीच्या फायलीनं, ओळखतं. जुनं सर्टिफिकेट गेलं की तुझ्याच सर्व्हरवर तुझं नोंदवलेलं नाव तुला मिळत नाही. सुपरयूजरनं (सर्व्हरच्या मालकाच्या खात्यानं) आत जाऊन जुनी नोंद काढ, नव्यानं नोंदव आणि या वेळी सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करून दुसरीकडे ठेव.

पोस्टमध्ये शेवटी लिहिलंयस की माइकमधून काहीच जात नाही. फोनचे इयरफोन डेस्कटॉपला लावलेस का? त्यांच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे माइक आणि आवाज एकाच पिनमध्ये, आणि डेस्कटॉपला माइकचं गुलाबी आणि आवाजाचं हिरवं अशी दोन वेगळी भोकं. ऐकू येतं, बोललेलं जात नाही. एक छोटा स्प्लिटर मिळतो, तो घे. ब्लूटूथ हेडसेटच्या वाटेला जाऊ नकोस, माइक चालू झाला की गेमचा आवाज फोनवरच्या आवाजासारखा चपटा होतो. कुणी बोलायला लागल्यावर गेमचा आवाज पडत असेल तर विंडोजच्या साउंडमध्ये 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' कर. मम्बलमध्येही तशी सेटिंग आहे, तीही बघ. आणि गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असशील तर मम्बलही तसंच चालव, नाहीतर गेममध्ये असताना पुश-टू-टॉकची (दाबून धरून बोलायची) कळ मम्बलपर्यंत पोहोचतच नाही.

माझं २०२१चं राउटर आणि तुझं आजचं यांत मेनूची नावं वेगळी असतील, तेवढं समजून घे. आज रात्री स्टेटसचं पान उघड आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे, म्हणजे दुसऱ्या टिंबाच्या आधीचा भाग, इथे लिही. फक्त पहिले दोन, पूर्ण पत्ता टाकू नकोस. आणि लॅपटॉपवर घरातल्या कुणाचं काही असेल तर त्याआधी ते पेन ड्राइव्हवर घेऊन ड्राइव्ह काढून ठेव.