शेवग्याच्या पाल्याचा चहा करायचा आहे. झाड न दुखावता पाला किती आणि कसा काढावा?

एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि शेंडे बोडके करू नका. पाला ओरबाडला की देठासोबत सालीची पट्टी सोलून येते, तिथूनच कूज शिरते. धारदार कात्रीने, देठाचा बोटभर खुंट ठेवून कापा. झाड ३-४ फुटांवर छाटलेलं असेल तर फुटवे हाताशी येतात. पुढची तोडणी ३५-४० दिवसांनी, तीही नवी पालवी गडद हिरवी झाली असेल तरच. भर पावसात फांद्या छाटणं टाळा. छाटलीच तर काप तिरका द्या, पाणी साचत नाही.

पाला धुऊन सावलीत पातळ पसरा. उन्हात रंग उडतो, ढीग केला तर काळा पडतो. चिमटीत कुरकुरीत चुरला की हवाबंद बरणीत. भरपूर शेंगाही हव्या असतील तर पाल्यासाठी झाड वेगळंच ठेवा.