वॉशिंग्टन राज्यात नव्या करांना लगाम: सह्यांच्या आधी मसुदा बघा

नव्या करांना विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमताची अट, वर गाडीचे टॅब (दरवर्षीची नोंदणी फी) आणि घरपट्टीही कमी, असा इनिशिएटिव्ह, म्हणजे मतदारांच्या सह्यांवर आणायचा कायद्याचा प्रस्ताव, तुम्ही सिएटलजवळच्या बेलव्ह्यूचे शेजारी मिळून आणताय आणि गणपतीत सह्या घेऊ म्हणताय. वाचून जुनं दुखणं ठसठसलं. अशाच एका मोहिमेत मी क्लिपबोर्ड घेऊन हिंडलोय. वकील नाही, तेव्हा ऐकावे जनाचे.

दोन-तृतीयांश आधी काढून टाका. ही अट इथल्या मतदारांनी २००७, २०१० आणि २०१२ मध्ये मंजूर केली होती. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली, कारण राज्यघटनेत साधं बहुमत आहे आणि कॅलिफोर्निया-कोलोरॅडोसारखी सह्यांच्या जोरावर घटना बदलायची सोय इथे नाही. मग २०१५ मध्ये आडवाटेनं प्रयत्न झाला: विधिमंडळानं दोन-तृतीयांशाची घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवावी, नाहीतर राज्याचा विक्रीकर साडेसहाचा साडेपाच टक्के. तोही जिंकला आणि एकाच प्रस्तावात दोन विषय म्हणून कोर्टात पडला. टॅब ३० डॉलरवर आणणारा २०१९ चा प्रस्तावही पुढच्या वर्षी तसाच गेला. तुमची तर मिसळच आहे. एकच मागणी ठेवा.

आणि गणपतीचं म्हणाल, तर थेट मतदानाला जाणाऱ्या प्रस्तावाच्या सह्या जुलैच्या सुरुवातीलाच द्याव्या लागतात. विधिमंडळाकडे पाठवणार असाल तर वर्षाअखेरपर्यंत वेळ मिळतो. लागतात तीन लाखांच्या वर आणि चालते फक्त नोंदणीकृत मतदाराची. मंडपातले निम्मे एच-वन आणि ग्रीन कार्डवाले उत्साहानं करतील, पण त्या बाद.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका सरकारी कचेरीनं. शनिवारच्या बाजाराबाहेर फुटपाथवर उभं राहिलं तर चालेल का, एवढंच विचारलं होतं. हा विभाग म्हणे तो विभाग बघतो, तो म्हणे हा. शेवटी ‘आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही’ अशी एक ओळ आली. हेच पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? तोवर मे महिन्यातले उन्हाचे शनिवार गेले, आणि सिएटलकडे ऊन किती मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच. माझं मत विचाराल तर सार्वजनिक फुटपाथवर टेबल न मांडता, वाट न अडवता उभं राहावं. हटकलं तर वाद न घालता सरकावं. मॉलची किंवा दुकानाची खासगी जागा असेल तर मात्र आधी विचारा.

हो, सह्यांचे अर्ज घरच्या प्रिंटरवर काढू नका. कागद किमान ११ बाय १४ इंची लागतो आणि मागे प्रस्तावाचा पूर्ण मजकूर हवा. क्लिपबोर्डही त्याच मापाचे घ्या, नाहीतर खालच्या ओळी हवेत लोंबतात आणि पेन आरपार जातं.