पाणी कमी, युनिट तेवढेच: पंपाचा तोटा आधी मोजा

प्रश्न : विहिरीवर 5 एचपीचा तीन फेज पंप आहे. पाणी घटले, विजेचे युनिट मात्र तेवढेच पडतात. विक्रेता साडेसात एचपीची मोटार आणि मोठा कपॅसिटर (मोटारीला जोडायचा, लाइनवरचा प्रवाह घटवणारा भाग) सुचवतो. काय करावे?

उत्तर : मोजणी होईपर्यंत यातले काहीही घेऊ नये. पंप अर्धा तास चालवून विहिरीची पातळी स्थिरावू द्यावी. सुरू केल्याबरोबर घेतलेले माप फसवे असते. मग 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहावे आणि त्या मीटरवर दुसरे काही चालू न ठेवता तासाभराचे युनिट टिपावेत.

समजा ड्रम 40 सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. चालू पंपावेळची पाण्याची पातळी ते पाइपाचे तोंड ही उंची आणि पाइपातले घर्षण मिळून 30 मीटर धरल्यास 5 × 30 × 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) ÷ 1000, म्हणजे 1.47 किलोवॅट पाण्याच्या कामी आले. मीटरने तासाला 4.1 युनिट, म्हणजे 4.1 किलोवॅट, दाखवले असतील, तर कार्यक्षमता 36 टक्के.

उरलेले 2.63 किलोवॅट कुठे गेले? 8 अ‍ॅम्पिअर प्रवाह आणि केबलच्या प्रत्येक तारेचा 0.74 ओहम रोध धरल्यास 3 × 8 × 8 × 0.74, म्हणजे सुमारे 0.14 किलोवॅट केबलमध्ये जातात. मोटारीची कार्यक्षमता 82 टक्के धरली, तर तिच्यापर्यंत पोचलेल्या 3.96 पैकी 18 टक्के, म्हणजे 0.71 तिच्यात जातात. बाकी 1.78 पंपातच जिरतात. दोष मोटारीचा नाही, बहुधा झिजलेल्या इंपेलरचा (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) किंवा गाळाने तुंबलेल्या फूट व्हॉल्व्हचा (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप) आहे.

त्याच पंपाला मोठी मोटार जोडून पाणी वाढत नाही. पंप आणि मोटार असा पूर्ण संच मोठा घेतला आणि पाइप तोच ठेवला, तर दीडपट पाण्याला घर्षण सव्वादोन पट होते. कपॅसिटरने लाइनवरचा प्रवाह घटतो, मोटारीच्या आतला तोटा नाही. प्रमाणाबाहेर मोठा बसवल्यास मोटार बंद होताना व्होल्टेज वाढून वाइंडिंग (मोटारीतली गुंडाळलेली तार) धोक्यात येते. म्हणून पुन्हा सांगतो, मोजणीशिवाय मोठी मोटार नको, मोठा कपॅसिटरही नको. बारीक तारेचे स्वस्त रिवाइंडिंग, म्हणजे ती तार नव्याने गुंडाळणे, तर मुळीच नको.

अनुदानावर संच घ्यायचा असल्यास पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर.

फूट व्हॉल्व्ह साफ करून इंपेलर बदलल्यावर त्याच ड्रमने पुन्हा मोजावे आणि दोन्ही वेळचे आकडे स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावेत.