जास्त कर म्हणजे समाजवाद का?

प्रश्न असा आहे : "पगारातून टीडीएस कापला जातो, वर व्यवसाय कर, उरलेल्या पैशातून काही घ्यायला जावं तर जीएसटी. हा छुपा समाजवादच नाही का? कर कमी करून खरी भांडवलशाही आणायला नको का?"

तक्रार खरी आहे, पण तिला लावलेलं नाव चुकीचं आहे. कराच्या दरावरून व्यवस्था ओळखता येत नाही. 1954 ते 1963 या काळात अमेरिकेत वैयक्तिक आयकराचा सर्वांत वरचा दर 91 टक्के होता. तरी त्या अमेरिकेला कुणी समाजवादी म्हटलं नाही. समाजवाद दिसतो तो मालकीत आणि परवान्यात. बँक कुणाची, खाण कुणाची, नवा कारखाना काढायचा तर कुणाचे उंबरे झिजवावे लागतात? 1969 च्या जुलैमध्ये 14 बँका सरकारने घेतल्या, 1973 मध्ये कोळसा खाणी घेतल्या, तो समाजवाद. 1991 च्या औद्योगिक धोरणात 18 उद्योग वगळता बाकीच्यांचं परवान्याचं बंधन गेलं, तिथे तो मागे सरला. कर कुणाकडून आणि किती घ्यायचा, हा वाद या दोन्ही व्यवस्थांत असतोच.

आपल्याकडे हा घोळ होण्याचं कारण 97.75 हा आकडा. 1973-74 मध्ये दोन लाखांवरच्या उत्पन्नाला 85 टक्के आयकर होता आणि त्या करावर 15 टक्के अधिभार. 85 चे 15 टक्के 12.75, म्हणून बेरीज 97.75. वरच्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये हातात. संपत्ती कर त्याहून वेगळा. परिणाम व्हायचा तोच झाला : उत्पन्न कागदावरून गायब झालं. घर कंपनीचं, गाडी कंपनीची, जमिनीच्या व्यवहारात निम्मी रक्कम रोख, आणि एकाच माणसाचं उत्पन्न हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने विभागलेलं. काळ्या पैशाचं एक मोठं कारण हे चढे दरच आहेत, असं सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने 1971 मध्येच लिहून दिलं होतं. 1974-75 मध्ये वरचा दर 77 वर आला आणि 1976-77 मध्ये 66 वर. गंमत बघा, संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घालणारी 42 वी घटनादुरुस्ती 1976 चीच. शब्द आत येत होता त्याच वर्षी दर उतरत होता.

आणि शंभराच्या आसपासचा दर हा काही इतिहासजमा झालेला नाही. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर कायद्याच्या कलम 87अ ची सवलत असल्यामुळे कर शून्य. 12 लाख 10 हजार झाले तर स्लॅबप्रमाणे कर येतो 61,500. दहा हजार जास्त कमावल्याबद्दल साडेएकसष्ट हजार भरायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून 'मार्जिनल रिलीफ' : कर 12 लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त नसेल. म्हणजे कर 10,000, त्यावर 4 टक्के सेस (करावरचा उपकर) 400. दहा हजार जास्त मिळवा, दहा हजार चारशे भरा. साधारण 12,70,588 पर्यंत हेच चालतं. एवढ्या पट्ट्यात सीमांत दर, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक शंभरावरचा कर, 104 टक्के आहे, 1973 पेक्षाही वर, आणि याला नाव आहे रिलीफ. पगारवाढ किंवा बोनसमुळे तुम्ही या पट्ट्यात येत असाल तर नव्या प्रणालीतही चालणारी कलम 80सीसीडी(2) ची एनपीएसमधली (राष्ट्रीय पेन्शन योजनेतली) मालकाची वर्गणी वाढवून घेता येते का, हे मार्चची वाट न बघता विचारा. (करपात्र म्हणजे 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यानंतरचं. पगारदाराला ही रेघ 12.75 लाखांवर लागते.)

आता मूळ मुद्दा. तुम्हाला जे टोचतं ते कराचं प्रमाण नाही, वाटणी आहे. वर्षाला 30 लाख मिळवणारी तीन माणसं घ्या. तिघंही नव्या प्रणालीत, दुसरं उत्पन्न नाही.

पहिला पगारदार. वजावटीनंतर 29.25 लाख. 24 लाखांपर्यंतचा कर 3,00,000, वरच्या 5.25 लाखांचे 30 टक्के 1,57,500. सेस धरून एकूण 4,75,800. सरासरी दर पडतो 15.86 टक्के. 'मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे' याचा अर्थ अख्ख्या पगारावर 30 टक्के असा नसतो. वादात ही चूक इतक्या वेळा होते की समोरच्याने हे वाक्य टाकलं की आधी त्याला सरासरी दर काढायला सांगावा.

दुसऱ्याने एक वर्षाहून जास्त काळ ठेवलेले सूचिबद्ध शेअर विकले आणि 30 लाख नफा झाला. 4 लाखांची मूळ करमुक्त मर्यादा आणि दीर्घकालीन नफ्यावरची 1.25 लाखांची सूट गेली, राहिले 24.75 लाख. त्यावर 12.5 टक्के 3,09,375, सेससह 3,21,750. तिसऱ्याचं सगळं उत्पन्न शेतीचं. त्याचा आयकर शून्य, कारण शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा आणि महाराष्ट्र तो लावत नाही.

शेअरवाल्याची बाजू मांडणारे म्हणतील की कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलाय. म्हणणं बरोबर आहे. पण तो करही सप्टेंबर 2019 मध्ये सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी 22 टक्क्यांवर आणला गेला, अधिभार आणि सेस धरून 25.17. पगारदार सापडतो तो समाजवादामुळे नाही. त्याचा पैसा हातात यायच्या आधीच मोजलेला असतो आणि त्याच्याकडे नफा कधी दाखवायचा याची निवड नसते. करवसुली नेहमी सोपं सावज आधी धरते.

'मग श्रीमंतांच्या संपत्तीवरच कर लावा' हा डाव्या बाजूचा आवडता तोडगा. तो आपण 1957 पासून 2015 पर्यंत लावून पाहिला. 2013-14 मध्ये त्यातून आले 1,008 कोटी. एवढे कमी, कारण शेअर 1990 च्या दशकातच त्यातून वगळले होते. उरलं काय, तर सोनं, गाड्या, जादाचं घर आणि त्यांच्या मूल्यांकनाची भांडणं. तो कर काढून एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर 2 टक्के जादा अधिभार लावला, त्यातून 9,000 कोटींची अपेक्षा धरली होती. संपत्ती कराची बाजू घेणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो : शेअर आत की बाहेर? बाहेर असतील तर बोलणं तिथेच संपतं.

स्वीडनचं नाव दोन्ही बाजू घेतात आणि दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. तिथे वारसा कर 2004 मध्ये गेला, संपत्ती कर 2007 मध्ये गेला, कंपनी कर 20.6 टक्के आहे. मग मोफत शिक्षण आणि स्वस्त उपचारांचा पैसा येतो कुठून? व्हॅट 25 टक्के, सरासरी 32 टक्क्यांच्या आसपास स्थानिक आयकर आणि पगारावर मालकाने भरायची 31.42 टक्के वर्गणी. हा सगळा भार मध्यमवर्गच उचलतो, आणि त्याच्या बदल्यात मिळणारं रुग्णालय आणि पाळणाघर वापरतोही तोच. आपल्याकडचा मध्यमवर्ग कर सरकारला देतो आणि फी खासगी शाळेला. चीड खरी इथे आहे. दर कमी केल्याने ती जाणार नाही.

आता तुम्ही लिहिलेल्या व्यवसाय कराकडे येतो, कारण महाराष्ट्रापुरता समाजवादाचा खरा अंश तुमच्या सॅलरी स्लिपवर त्याच ओळीत आहे. रोजगार हमी योजना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली, 1972 च्या दुष्काळात रुजली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, म्हणून 1975 चा व्यवसाय कर आला. बिगर-निवासी मालमत्तेच्या कराच्या बिलात रोजगार हमी उपकराची ओळ दिसते, ती याच खटाटोपाची. शहराने गावातल्या भूमिहीनाच्या मजुरीचा वाटा उचलायचा, आणि जमलेल्या कराइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो करार होता. देशातल्या 2005 च्या रोजगार हमी कायद्याला वाट याच योजनेने दाखवली.

हेतू इतका समाजवादी, पण आकारणी बघा. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा आहे. 1988 मध्ये ती 250 वरून 2,500 झाली आणि तिथेच थांबली. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला 10,000 च्या वर गेला की दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. त्यामुळे महिन्याला 12,000 मिळवणारा सुरक्षारक्षक वर्षाला 2,500 भरतो, त्याच्या पगाराच्या 1.74 टक्के. तो ज्या इमारतीच्या फाटकावर बसतो तिथला वर्षाला एक कोटी घेणारा अधिकारीही तेवढेच भरतो, 0.025 टक्के. केंद्राची योजना आल्यावर मजुरीचा मोठा भार तिकडे गेला, वसुली मात्र चालू राहिली. भांडवलशाहीवाला म्हणेल हा कर काढा, समाजवादी म्हणेल ठेवा. या दरांच्या तक्त्याकडे मात्र दोघांपैकी कुणी बघत नाही.

वरची मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागते, ते मुंबईच्या हातात नाही. खालची रेघ वर नेणं मात्र पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. 2023 पासून स्त्रियांसाठी ती 25,000 केलीच आहे. पुरुषांसाठी ती अजून 7,500 का, हा प्रश्न आमदाराला विचारण्यासारखा आहे.